वीज चमकते, वीज पडते : उदात्ताचे छायाचित्रण आणि स्थळाचा प्रश्न

मराठीत विजेसाठी मुख्यतः दोन क्रियापदे योजली जातात. वीज चमकते आणि वीज पडते. लखलखणे, कडाडणे, कोसळणे ही इतर क्रियापदे या दोहोंच्याच परिवारातली आहेत, एवढे गृहीत धरून पुढे जाता येईल. 'वीज चमकली' हे विधान स्वयंपूर्ण असते. ऐकणारा फार तर मान वर करून आभाळाकडे पाहतो. 'वीज पडली' हे विधान मात्र उच्चारताक्षणी अपुरे ठरते, कारण त्याच्या पाठोपाठ 'कुठे?' हा प्रश्न येतोच. पुष्कळदा तर वीज दिसलेलीही नसते. नुसत्या कडकडाटावरून घरातले वडीलधारे माणूस विचारते, 'कुठं पडली असेल?' पहिल्या क्रियापदाला पाहणारा पुरतो. दुसऱ्याला स्थळ लागते, आणि स्थळ म्हटले की तेथे कोणी असण्याची शक्यताही आली.

विजेच्या छायाचित्राने या दोन क्रियापदांचे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरकरणी सौंदर्यशास्त्रीय दिसतो. तो नैतिकही आहे असे मला वाटते. मात्र छायाचित्रणाच्या नीतीची जी चर्चा आपल्या परिचयाची झाली आहे तिच्या चौकटीत तो बसत नाही.

कोशकारांना हा भेद ठाऊक होता. अमरकोशात विजेची नावे दोन ठिकाणी येतात. दिग्वर्गात मेघांच्या सान्निध्यात शंपा, शतह्रदा, ह्रादिनी, ऐरावती, क्षणप्रभा, तडित्, सौदामिनी, विद्युत्, चंचला, चपला ही नावे आहेत. स्वर्गवर्गात इंद्राच्या परिवारात वज्राची नावे आहेत : कुलिश, भिदुर, पवि, दंभोलि, अशनि इत्यादी. पहिली नावे दिसणाऱ्या विजेची, तिच्या चांचल्याची आणि क्षणिकतेची आहेत. दुसरी आघात करणाऱ्या शस्त्राची. आपल्या काव्यपरंपरेने पहिल्या यादीचा मनमुराद उपयोग केला, आणि दुसरी यादी देवकथांच्या स्वाधीन केली. दोन्ही याद्यांत एक शब्द मात्र समान आहे, तो म्हणजे ह्रादिनी. त्याचा अर्थ नाद करणारी. चमकणारी वीज आणि पडणारी वीज यांना जोडणारे नाव नादावरून सिद्ध झालेले असावे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण छायाचित्रात जी एक गोष्ट कदापि येऊ शकत नाही ती नाद होय.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासातील विजेचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य व्याकरणाविषयी आहे. नीत्शेने नीतिमूल्यांच्या वंशावळीचा शोध घेणाऱ्या आपल्या ग्रंथात (१८८७) असे दाखवून दिले की लोकमानस विजेला तिच्या चमकण्यापासून वेगळे काढते. चमकणे ही क्रिया आणि वीज हा तिचा कर्ता अशी फोड करते. वास्तविक चमकण्यामागे कोणी चमकणारे नसते, क्रिया हेच सर्वस्व असते. कर्तृत्वाच्या कल्पनेवरील हा हल्ला उत्तर-संरचनावादी समीक्षेने पुढे चांगलाच वापरला, आणि त्याची पुनरुक्ती येथे आवश्यक नाही. परंतु नीत्शेने उदाहरणासाठी निवडलेले क्रियापद चमकण्याचे आहे, याकडे क्वचितच लक्ष दिले गेले आहे. तेथे पडण्याचे क्रियापद घालून पाहावे. कर्ता तेव्हाही क्रियेत विरघळवता येईल, 'पडणे घडले' एवढेच म्हणता येईल. पण ते कुठे घडले हा प्रश्न विरघळत नाही. कर्त्याचा निरास झाल्यावरही अधिकरण शिल्लक राहते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर विजेच्या बाबतीत कर्तृकारकापेक्षा अधिकरणकारक अधिक चिवट आहे.

*

विजेचे पहिले छायाचित्र कोणाचे याविषयी मतभेद संभवतात. सेंट लुइसच्या टॉमस ईस्टर्लीच्या नावावर १८४७ मधील एक डॅगेरोटाइप सांगितला जातो. परंतु ज्याने हा विषय पद्धतशीरपणे हाताळला तो फिलाडेल्फियाचा विल्यम निकल्सन जेनिंग्ज. बरेच प्रयत्न फसल्यावर २ सप्टेंबर १८८२ रोजी त्याला काचेवर वीज मिळाली. त्याच्या खटाटोपामागील हेतू साहित्याच्या अभ्यासकाला विशेष वाटावा असा आहे. चित्रकार शतकानुशतके वीज काढत आले ती काटकोनात मोडलेल्या दातेरी रेषेने. वीज खरोखरच तशी असते काय, हे जेनिंग्जला पाहायचे होते. अभियंता जेम्स नॅस्मिथ याने १८५६ मध्येच ब्रिटिश असोसिएशनपुढे या दातेरी रेषेविषयी शंका घेतली होती. पण शंकेला पुरावा नव्हता. जेनिंग्जच्या काचांनी तो दिला. वीज नदीसारखी वळते, झाडाच्या मुळांसारखी फुटते, कधी एखाद्या सैल दोऱ्यासारखी लोंबते. चित्रकारांची दातेरी रेषा त्यांपैकी एकीतही सापडली नाही.

येथे एक संकेत खोटा ठरला आणि त्या जागी एक वास्तव आले, असे म्हणून हा प्रसंग सहसा मिटवला जातो. मिटवण्यापूर्वी त्या खोट्या संकेताकडे एकदा पाहायला हवे. विजेच्या खांबावर किंवा रोहित्राच्या कुंपणावर लावलेल्या 'धोका' या पाटीवर ती दातेरी रेषा आजही आहे, आणि कवटी नसली तरी बहुधा ती असतेच. छायाचित्राने तिला हटवले नाही. कारण त्या रेषेच्या खालच्या टोकाला बाण काढता येतो; तिला दिशा आहे, ती वरून खाली, कोणाच्या तरी अंगावर येते. छायाचित्रातील खरी वीज मात्र वरून खाली येत नाही. ती एकाच वेळी सर्वत्र असते, नकाशावरील नदीसारखी पसरलेली. चित्रकारांच्या चुकीच्या आकृतीत पडण्याचे क्रियापद सुरक्षित होते. जेनिंग्जच्या अचूक आकृतीतून ते गळून गेले. आकाराच्या बाबतीत सत्य हाती आले त्याच क्षणी क्रियेच्या बाबतीत ते निसटले.

चार्ल्स सँडर्स पर्सच्या चिन्हमीमांसेत चिन्हांचे जे तीन प्रकार येतात त्यांपैकी निर्देशक चिन्हाचे उदाहरण देताना त्याने मेघगर्जनेचाच आधार घेतला आहे. प्रचंड कडकडाट झाला म्हणजे काहीतरी मोठे घडले असे कळते. नेमके काय घडले ते कळतेच असे नाही. छायाचित्रही पर्सच्या मते निर्देशक चिन्हच, कारण वस्तूवरून आलेला प्रकाश त्यावर प्रत्यक्ष उमटलेला असतो. तेव्हा विजेचे छायाचित्र हे निर्देशकत्वाची परिसीमा मानायला हवे. इतर छायाचित्रांत प्रकाश सूर्याचा किंवा दिव्याचा असतो आणि वस्तू निराळी असते; येथे वस्तू आणि प्रकाश एकच आहेत. शिवाय रात्री छायाचित्र घेताना कॅमेरा तिपाईवर बसवून त्याची झडप कित्येक सेकंद उघडी ठेवलेली असते. क्षण छायाचित्रकार निवडत नाही. तो क्षणासाठी दार उघडे ठेवतो आणि वीज स्वतः येऊन आपली सही करते. लेखकाच्या मृत्यूविषयी आपण एवढे लिहिले, पण लेखकाने केवळ दार उघडून बाजूला उभे राहण्याचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच दिले असेल. (आजकाल संगणकावर दहा-वीस मिनिटांतील साऱ्या विजा एकावर एक रचून एकच चित्र तयार करतात. एका रात्रीत कधीच एकत्र न दिसलेले ते आकाश, वृत्तपत्रे मात्र 'विजांचे तांडव' या मथळ्याखाली छापतात.)

रोलाँ बार्तने छायाचित्राचे सार 'हे घडले होते' या ग्वाहीत पाहिले. विजेच्या छायाचित्राची सारी प्रतिष्ठा या ग्वाहीवर उभी आहे. तेच रूप एखाद्याने रंगाने काढले तर त्याला सजावटीपलीकडे किंमत उरणार नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता उदात्ताकडे वळू.

*

उदात्ताचा आणि विजेचा संबंध जुना आहे. लाँजायनसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रबंधात डिमॉस्थेनीसच्या वक्तृत्वाला विजेची उपमा दिलेली आहे. बर्कने १७५७ मध्ये स्पष्ट केले की भय फार जवळ आले तर त्यातून आनंद होत नाही, काही अंतर लागते. कांटने १७९० च्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत, अठ्ठाविसाव्या परिच्छेदात, मेघगर्जना आणि विजा यांची गणना गतिशील उदात्ताच्या उदाहरणांत केली आणि अट घातली की पाहणारा सुरक्षित स्थळी असावा. पाटणकरांच्या विवेचनामुळे मराठी अभ्यासकाला ही अट आणि तिच्यामागचा युक्तिवाद परिचित आहे. निसर्गाची शक्ती आपल्या देहाला नगण्य ठरवते. पण त्याच अनुभवात आपल्या ठायी असलेली, निसर्गाच्या शक्तीला न जुमानणारी नैतिक बुद्धी आपल्याला जाणवते. उदात्त खरे पाहता विजेत नसतेच, ते आपल्या मनात असते. सुरक्षितता ही केवळ सोय आहे; ती नसेल तर आपण पळू, निर्णय करणार नाही.

कॅमेऱ्याने ही सोय दुप्पट केली. छायाचित्रकार गाडीत किंवा सज्जात असतो. छायाचित्र पाहणारा तर ऋतूच्याही बाहेर असतो. पण सुरक्षिततेचा इतिहास इतका सरळ नाही. १७५३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ वादळाची चाहूल लागताच घाईने आपल्या उपकरणाजवळ गेला, आणि त्या उपकरणातूनच विजेने त्याचा बळी घेतला. त्याच्या सोबत सकलॉव्ह नावाचा कोरीवचित्रकार होता. प्रयोगात दिसेल ते नंतर चित्रित करावे यासाठी रिखमानने त्याला बरोबर घेतले होते. तो कोसळला, पण वाचला. विजेचे चित्र काढू पाहणारा आणि विजेने मेलेला यांच्यात त्या खोलीत काही पावलांचेच अंतर होते. अगदी अलीकडे, ३१ मे २०१३ रोजी, ओक्लाहोमातील एल रीनो येथे टिम समॅरस हा वादळांचा अभ्यासक चक्रवातात सापडून मरण पावला. वीज जमिनीला भिडते तो क्षण अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपण्याचा ध्यास त्याने अनेक वर्षे घेतला होता. अशी माणसे कांटच्या अटीबाहेर जातात, आणि त्यांच्याविषयी नैतिक प्रश्न उपस्थित करणे मला अप्रस्तुत वाटते. त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला. प्रश्न अट पाळणाऱ्यांविषयीचा आहे.

कांटची अट 'मी' सुरक्षित असण्याविषयी आहे. धोका कोणाला आहे याविषयी ती मौन पाळते. तिला धोका हवा असतो तो सर्वसाधारण, कोणाचाही नसलेला. परंतु वीज पडते तेव्हा धोका कोणाचा तरी असतो. कांटला ही अडचण अगदीच जाणवली नव्हती असे नाही. पुढच्याच परिच्छेदात त्याने सोस्यूरच्या प्रवासवर्णनातील एका साव्हॉय प्रांतीय शेतकऱ्याचा उल्लेख केला आहे. हिमशिखरांवर लुब्ध होऊन तेथे जाणारे लोक मूर्ख आहेत असे या भल्या आणि एरवी शहाण्या शेतकऱ्याचे मत होते. कांटचे भाष्य असे की नैतिक कल्पनांचा विकास झालेला नसल्यामुळे असंस्कृत माणसाला जे केवळ भयंकर वाटते तेच सुसंस्कृताला उदात्त वाटते.

या शेतकऱ्याचा खटला मला नव्याने चालवावासा वाटतो. हिमकडे कोसळतात त्या डोंगराखाली त्याचे घर आहे. त्याच्याजवळ नैतिक कल्पना नाहीत हे कशावरून? त्याच्याजवळ 'कुठे?' हा प्रश्न आहे. शिखराकडे पाहून त्याला आठवते ते गेल्या हिवाळ्यात कोणाचे घर गाडले गेले ते, आणि ही आठवण बुद्धीच्या श्रेष्ठत्वाच्या जाणिवेपेक्षा कमी नैतिक कशी? कांटने या ठिकाणी संस्कृतीचा अभाव म्हणून जे नोंदवले ते वस्तुतः रहिवासाचे ज्ञान आहे. आपल्याकडे मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात, आणि पुन्हा परतीच्या पावसात, आभाळ भरून आले की शेतातली माणसे, त्यांत मजूर बायका आणि गुराखी, जवळचे झाड गाठतात. तेच झाड घात करते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांनुसार भारतात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात. या माणसांच्या गावातील एखाद्या म्हातारीला आभाळातील वीज उदात्त वाटत नसेल, तर ती सौंदर्यनिर्णयाला अपात्र आहे असे म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबले पाहिजे.

*

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो आपल्या परंपरेतूनच येतो. स्थळ, काळ आणि व्यक्ती यांचे विशेष गळून पडणे हे कलानुभवाचे लक्षणच नव्हे काय? अभिनवगुप्ताने भयानक रसाचे विवेचन करताना शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकाला प्रतीत होते ते भय त्या विशिष्ट हरिणाचे नसते, दुष्यंतामुळे निर्माण झालेले नसते, प्रेक्षकाचे स्वतःचेही नसते. देश-काळाच्या मर्यादांतून मुक्त झालेले निखळ भय असते. हे भय माझे, हे परक्याचे, असा विचार शिरला तर रसप्रतीतीत विघ्न येते. या भूमिकेवरून कोणी म्हणेल की विजेचे छायाचित्र हे साधारणीकरणच करते, 'कुठे पडली?' हा प्रश्न रसिकाचा नसून तलाठ्याचा आहे.

आक्षेप वजनदार आहे, आणि कवितेतील विजेला तो पूर्णपणे लागू पडतो. मेघदूतात वीज मेघाची सहचरी म्हणून येते तेव्हा ती कोणत्या शेतात पडली असे विचारणारा वाचक अरसिकच म्हणावा लागेल. पण शाकुंतलातील हरीण कधी जगलेले नव्हते. त्याच्या भयाला मुळात कोणी धनी नसल्यामुळे ते सर्वांचे होऊ शकते. छायाचित्रातील वीज घडलेली असते, आणि वर म्हटल्याप्रमाणे तिची सारी प्रतिष्ठा ती घडली होती या ग्वाहीवर आहे. म्हणजे हे छायाचित्र साक्षीदाराचा मान मागते आणि साक्षीदाराला विचारला जाणारा पहिलाच प्रश्न टाळते. 'हे खरोखर घडले' असे ते सांगते, 'कुठे?' विचारले तर 'मी कला आहे' असे उत्तर देते. काव्याला साधारणीकरण करण्याचा हक्क आहे, कारण त्याने विशिष्टाच्या नावावर काही उसने घेतलेले नसते. निर्देशक चिन्हाने तो हक्क आपोआप मिळतो असे मानणे हा एक प्रकारचा दुहेरी व्यवहार आहे. माझ्या मते विजेच्या छायाचित्रासंबंधीचा नैतिक प्रश्न या दुहेरी व्यवहाराविषयीचा आहे.

तो सुझन सोंटॅगने मांडलेल्या प्रश्नाहून निराळा आहे. तिने १९७७ मध्ये छायाचित्रण ही मुळात हस्तक्षेप न करण्याची कृती आहे असे म्हटले, आणि तेव्हापासून दुष्काळ, युद्ध, आत्मदहन यांच्या छायाचित्रकारांना 'तू मदत का केली नाहीस?' असे विचारले जाऊ लागले. विजेच्या बाबतीत हा प्रश्न निरर्थक आहे. हस्तक्षेपाला अवकाशच नसतो, आणि झाडाखाली उभे असलेले माणूस चौकटीत तर नसतेच, पुष्कळदा कित्येक कोस दूर असते. अपराध कोणाचा नाही. छायाचित्रकाराला आरोपी करून मोकळे होण्याची सोय येथे नाही, आणि म्हणूनच प्रश्न कृतीच्या जागी प्रतिमेला विचारावा लागतो.

*

स्थळ ही विजेला बाहेरून चिकटलेली आकस्मिक गोष्ट आहे, असे समजून हा प्रश्न अजूनही दूर सारता येईल. या समजाचे निराकरण छायाचित्रणानेच केले आहे, मात्र ते प्रदर्शनांत मांडल्या जाणाऱ्या छायाचित्रणाने केलेले नाही. इंग्रज पदार्थवैज्ञानिक चार्ल्स व्हर्नन बॉइज याने १९०० च्या सुमारास फिरत्या भिंगांचा एक कॅमेरा बनवला. भिंगे फिरत असल्यामुळे आगेमागे घडलेल्या गोष्टी फिल्मवर शेजारी-शेजारी उमटतात, म्हणजेच काळ अंतरात रूपांतरित होतो. या तत्त्वाचा खरा उपयोग १९३० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बेसिल शॉनलँड आणि त्याचे सहकारी यांनी केला, आणि ज्या घटनेला आपण एक क्षण समजत होतो तिच्यात आरंभ, मध्य आणि अंत असल्याचे दिसले.

प्रथम ढगातून एक मंद, डोळ्यांना बहुधा न दिसणारी वाट खाली येऊ लागते. ती सलग येत नाही. सुमारे पन्नास मीटरची एक पायरी, मग दशलक्षांश सेकंदांत मोजला जाणारा थांबा, मग पुन्हा पायरी. प्रत्येक थांब्यात ती जणू चाचपडते आणि फाटे फोडते. ती जमिनीपासून काहीशे मीटरांवर आली की जमिनीवरील उंच आणि टोकदार वस्तूंतून, झाडाच्या शेंड्यातून, खांबातून, घराच्या कोपऱ्यातून, मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या माणसातूनही, विद्युतभाराचे लहान झोत वर उठतात. त्यांपैकी एखादा वरून येणाऱ्या वाटेला भिडतो. मंडल पूर्ण होते, आणि त्या तयार वाटेवरून खालून वर, प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एकतृतीयांश वेगाने, तो प्रखर प्रवाह झेपावतो ज्याला आपण वीज म्हणतो. वाहिनीचे तापमान तीस हजार अंशांच्या घरात जाते. हवा स्फोटासारखी प्रसरण पावते आणि गडगडाट होतो.

म्हणजे आपल्याला चमकताना दिसते ती वीज चढणारी असते. पडणारी वीज जवळजवळ अदृश्य असते. यावरून 'वीज पडते' हा लोकभाषेतील अज्ञानाचा अवशेष आहे असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. न दिसणारे काहीतरी आधी खाली येते हे खरेच आहे. भाषेने दृश्याच्या मोहात न पडता परिणामावरून क्रियापद ठरवले आणि ते योग्य निघाले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जमीन ही निव्वळ सोसणारी नाही. शेवटच्या काही मीटरांत विजेचा मार्ग खालचे झाड, खालचा खांब, खालचे माणूस ठरवते. विजेला दोन जनक आहेत, ढग आणि स्थळ. ज्या वाटांना खालून प्रतिसाद मिळाला नाही त्या छायाचित्रात अर्धवट राहिलेल्या शाखा म्हणून दिसतात, आणि पाहणारा त्यांच्या नक्षीवर खूश होतो. त्या नक्षीची प्रत्येक फांदी म्हणजे पडण्याची एक शक्यता होती. न मिळालेली अधिकरणे ती.

स्थळ असे विजेच्या घडणीत सामील असेल तर छायाचित्रातून ते वगळणे म्हणजे परिशिष्ट वगळणे नव्हे. नाटकातील दोन पात्रांपैकी एकाला वगळण्यासारखे ते आहे. शॉनलँडच्या पट्ट्या देखण्या नाहीत. त्यांत आकाशाचा जांभळा रंग नाही, खाली झगमगणारे शहर नाही. पण त्यांत विजेला काळ परत मिळालेला आहे आणि जमिनीला तिची भूमिका.

हे श्रेय गडगडाटालाही दिले पाहिजे. ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून चमक आणि आवाज यांतील सेकंद मोजून वीज किती दूर पडली याचा अंदाज खेड्यापाड्यांतील मुलेही करतात. प्रकाश अंतर पुसतो, नाद ते सांगतो. ह्रादिनी हे नाव दोन्ही याद्यांत का असावे, याचे एक स्पष्टीकरण या मोजणीत मिळू शकेल. कोशकाराच्या मनात ते होते असा दावा मी करणार नाही. गर्जनेतील 'द' या एका अक्षराचा देव, मानव आणि असुर यांनी आपापल्या परीने लावलेला अर्थ ही बृहदारण्यकातील कथा या संदर्भात हमखास सांगितली जाते, आणि एलियटने १९२२ मध्ये तिचा उपयोग केल्यापासून तर ती समीक्षकांच्या तोंडी इतकी बसली आहे की तिचा उल्लेख टाळणेच बरे. एवढे मात्र खरे, की तेथे वीज पाहिली जात नाही, ऐकली जाते. आणि ऐकणारा तिच्या संबोधनाचा विषय असतो. पाहणाऱ्याला हे बंधन नाही.

*

कलावंतांना हा पेच कळला नव्हता असे नाही. वॉल्टर डी मारिया याने १९७७ मध्ये न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागातील पठारावर 'द लाइटनिंग फील्ड' ही रचना उभी केली. एक मैल लांब आणि एक किलोमीटर रुंद आयतात पोलादाचे चारशे गुळगुळीत, टोकदार खांब. जमीन उंचसखल असल्यामुळे खांबांची उंची निरनिराळी ठेवली आहे, जेणेकरून सर्वांची टोके एकाच पातळीत यावीत. एका वेळी फार तर सहा माणसांना तेथे मुक्कामाला ठेवतात. वीज बहुतेकांना दिसत नाही. दिसतात ते उजाडताना आणि मावळताना चमकून उठणारे आणि भर दुपारी जवळजवळ नाहीसे होणारे खांब. पाहुण्यांना छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. कलाकृतीचे नाव विजेवर, पण तिचा देह म्हणजे स्थळ आणि प्रतीक्षा : वीज येथे पडू शकते, एवढीच ती शक्यता सतत धरून ठेवलेली आहे. तरीही जगभर ही कलाकृती ओळखली जाते ती जॉन क्लिएटने घेतलेल्या छायाचित्रांतून, ज्यांत खांबांच्या रांगांवर वीज उतरली आहे. डी मारियाने अधिकरणाची कलाकृती रचली आणि तिची कीर्ती चमकण्याच्या क्रियापदाने पसरली. या घटनेत मला छायाचित्राच्या सामर्थ्याइतकीच आपल्या, म्हणजे पाहणाऱ्यांच्या, आळसाची साक्ष दिसते. एक दिवस-रात्र माळावर थांबण्यापेक्षा एक पान उलटणे सोपे असते.

याच्या अगदी उलट टोकाला हिरोशी सुगिमोतो आहे. २००९ च्या सुमारास पुढे आलेल्या त्याच्या 'लाइटनिंग फील्ड्स' या मालिकेत कॅमेराही नाही आणि आभाळही नाही. व्हॅन डी ग्राफ जनित्रातून चार लाख व्होल्टचा भार थेट फिल्मवर सोडून त्याने त्या शाखायुक्त आकृत्या मिळवल्या. ही वीज कुठेच पडलेली नाही, किंवा असे म्हणू की ती फिल्मवरच पडली आहे. साक्ष देण्याचा तिचा दावा नाही, त्यामुळे तिला 'कुठे?' असे विचारण्याचे कारण उरत नाही. प्रस्तुत लेखातील आक्षेपाच्या दृष्टीने ती अत्यंत प्रामाणिक चित्रे आहेत. उदात्ताच्या दृष्टीने ती मला काहीशी निष्प्राण वाटतात, आणि या दोन विधानांत संबंध असावा असा संशय येतो.

अशा आकृत्या आणखी एका ठिकाणी उमटतात. वीज अंगावरून गेलेल्या काही माणसांच्या त्वचेवर नेच्याच्या पानासारखी लालसर, शाखायुक्त खूण दिसते आणि काही तासांत किंवा दिवसांत मावळते. लिश्टेनबर्गने १७७७ मध्ये राळेच्या पृष्ठावर धूळ भुरभुरून ज्या आकृत्या मिळवल्या त्यांचेच नाव वैद्यकाने तिला दिले आहे. एकोणिसाव्या शतकात पुष्कळांची अशी समजूत होती की वीज जवळच्या झाडाचे चित्र माणसाच्या देहावर छापते. छायाचित्रणाचा शोध नवा असताना हा भ्रम स्वाभाविकच होता. समजूत चुकीची, पण तिच्यात एक नेमकेपणा होता. त्या कल्पित छायाचित्रात झाड होते, देह होता आणि वीज होती. तिन्ही एकाच स्थळी.

आज आपल्यापुढे विजेच्या दोन प्रतिमा आहेत आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. एक, चौकटीत बसवलेले जांभळे आकाश. दुसरी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या 'दामिनी' या मोबाइल अ‍ॅपच्या पडद्यावरचा नकाशा, ज्यावर गेल्या काही मिनिटांतील विजा रंगीत ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात, आणि आपण उभे आहोत तेथून त्या किती दूर आहेत हे कळते. पहिलीत चमक आहे, स्थळ नाही. दुसरीत स्थळ आहे, चमक नाही. अमरकोशातील देखण्या नावांच्या मेळातलेच वाटावे असे 'दामिनी' हे नाव या दुसऱ्या प्रतिमेला मिळाले आहे, हा भाषेने केलेला विनोद म्हणावा लागेल. नकाशाला आपण प्रतिमा मानत नाही, त्याची समीक्षा करत नाही. ती आपल्या ज्ञानशाखेची हद्द नव्हे असे मानतो. हीच गत दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील छायाचित्राची : सालपट निघालेले झाड, आडवी पडलेली बैलजोडी, बाजूला उभे चार लोक. छायाचित्र म्हणून ते सामान्य असते आणि त्याला प्रदर्शनात कोणी लावत नाही. वीज त्यात कुठेच नाही, पडणे मात्र संपूर्ण आहे.

प्रदर्शनातील विजेच्या छायाचित्राखाली झडप किती सेकंद उघडी होती, भिंगाचे छिद्र केवढे होते, फिल्म कोणती होती हे छापलेले असते. पंचनाम्यात गावाचे नाव, गट क्रमांक, झाडाची जात, झाडापासून मृताचे अंतर लिहितात. त्यात वेळेचाही एक रकाना असतो, आणि त्या रकान्यात बहुधा 'सायंकाळी, अंदाजे' एवढेच लिहिलेले सापडते.